पिन हाडात घालतात, मग रक्तवाहिनीला इजा कशी होते?

गेल्या महिन्यात आमच्या पूर्व भागात नळाला पाणी आलं, त्या पहाटे शेजारची म्हातारी घसरून पडली. पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. पिंप, हंडे, घागरी, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं, आणि त्या धांदलीत सगळी फरशी ओली. बाईंचं मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात सांगितलं की आधी गुडघ्याखाली पिन घालून, मोडलेलं हाड ताणून धरायला पायाला वजन लावू, साखर आटोक्यात आली की रॉड टाकू. मुलगा यंत्रमागावर काम करतो. त्यानं संमतीपत्रावर सही केली, फोनवर त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी माझ्या दारात आला. त्याचं बोट एकाच ओळीवर होतं : रक्तवाहिनी व मज्जातंतूस इजा होण्याची शक्यता.

"अक्का, मोडलंय हाड. पिन घालणार हाडात. मग नस कशी कापेल? आणि कापणार असेल तर आमची सही कशाला घेतात?"

अस्थिरोग वॉर्डात परिचारिका म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. हा प्रश्न कितीतरी नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिला, पण इतक्या सरळपणे कुणी विचारला नव्हता. त्याला दारात उभ्या उभ्या जे सांगितलं ते अपुरं वाटलं, म्हणून हे सविस्तर.

आधी 'नस' या शब्दाची फोड

आपण 'नस' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि निम्मा घोळ तिथंच होतो. हृदयाकडून रक्त घेऊन जाते ती धमनी. रक्त परत आणते ती शीर. आणि ज्यात रक्त नसतंच, ज्यातून मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत आणि त्वचेच्या संवेदना मेंदूपर्यंत जातात, तो मज्जातंतू.

धमनी म्हणजे उजनीहून येणारी मुख्य जलवाहिनी समजा. आत सतत दाब असतो. ती फुटली की पाण्याचा फवारा किती उंच जातो हे आपण पाहिलेलं आहे. शीर म्हणजे उताराचा पाट. दाब कमी, त्यामुळे तिथून रक्त उडत नाही, वाहत राहतं. मज्जातंतू म्हणजे शेजारून गेलेली टेलिफोनची केबल. तिला धक्का लागला तर हात-पाय बधिर होतो किंवा हलत नाही, पण रक्तपुरवठा चालूच असतो. या लेखात मी मुख्यतः धमनीबद्दल बोलणार आहे, कारण घड्याळ तिच्या बाबतीत सर्वांत वेगानं पळतं.

हे तिघंही हातापायांत बहुतेक ठिकाणी एकत्र, जुडी बांधल्यासारखे जातात. त्यांची वाट पाहिली तर काख, कोपराची पुढची बाजू, जांघ, गुडघ्याची मागची खळगी, म्हणजे जिथं सांधा दुमडतो ती आतली बाजू. तिथं ते बाहेरच्या मारापासून सुरक्षित राहतात. पण त्याच ठिकाणी ते हाडाच्या अगदी जवळ येतात, आणि पिनेचा प्रश्न नेमका तिथं उभा राहतो.

पिन म्हणजे नेमकं काय

वॉर्डात 'पिन', 'वायर', 'तार', 'सळई' हे शब्द सरमिसळ वापरतात. वजन लावायला जी जाड पिन हाडातून आरपार घालतात ती स्विस सर्जन फ्रिट्झ स्टाइनमान यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी ती १९०७ साली मांडली. मनगट, बोटं, लहान मुलांचं कोपर यांत जी बारीक तार घालतात ती 'के-वायर'. के म्हणजे किर्शनर, जर्मन सर्जन मार्टिन किर्शनर, साल १९०९. के-वायर साधारण एक ते दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, स्टाइनमानची पिन तिच्याहून बरीच जाड. पायाभोवती गोल कड्या लावून त्यातून ताणलेल्या तारा घालतात ती 'रिंग' सायबेरियातल्या कुर्गान शहरी गाव्रिल इलिझारोव यांनी विकसित केली.

यांत आता एक भर पडली आहे. रोबोटच्या मदतीनं गुडघा बदलताना यंत्राला हाडाची जागा कळावी म्हणून मांडीच्या आणि नडगीच्या हाडात तात्पुरत्या पिना रोवतात. शस्त्रक्रिया संपली की त्या काढतात. 'रोबोटिक म्हणजे पिनेचा प्रश्नच नाही' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. धोका क्वचितचा असतो, पण असतो.

धोका शिरतो तिथं नाही, निघतो तिथं

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गोधडी शिवताना सुई वरून कुठं घालायची ते आपण बघून ठरवतो. खाली ती कुठं निघाली, ते कधी कधी खालच्या बोटाला टोचल्यावरच कळतं. हाडाचंही तसंच. पिन जिथून आत जाते ती जागा सर्जनच्या डोळ्यासमोर, बोटाखाली असते. पलीकडं ती जिथून बाहेर पडते तिथं डोळा पोचत नाही.

म्हणून वजनाची पिन कुठल्या बाजूनं घालायची याचा पक्का नियम आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्या बाजूला नाजूक गोष्ट आहे, त्याच बाजूनं सुरुवात करायची, कारण सुरुवातीची जागा आपल्या ताब्यात असते. गुडघ्याच्या खाली पिन घालायची तर बाहेरच्या बाजूनं आत, कारण पाऊल वर उचलणारा मज्जातंतू बाहेरच्या बाजूला वळसा घालून जातो. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकात घालायची तर आतून बाहेर, कारण मांडीची मोठी धमनी आतल्या बाजूनं उतरून गुडघ्यामागं जाते. टाचेच्या हाडातही आतून बाहेर, कारण धमनी आणि मज्जातंतू आतल्या घोट्यामागून जातात.

आता ड्रिलचं बघा. हाड बांबूसारखं असतं, बाहेर कडक, आत पोकळ किंवा भुसभुशीत. ड्रिलला पहिली कडक भिंत लागते, मग एकदम सोपं जातं, मग दुसरी भिंत, आणि ती फुटली की पुढं काहीच नाही. त्या क्षणी हाताचा जोर आवरला नाही तर टोक सरकन पुढं जातं. चांगला सर्जन दुसरी भिंत लागताच हात हलका करतो; तो फरक ड्रिलच्या आवाजावरूनही कळतो. म्हातारपणी हाड ठिसूळ झालं की ही दुसरी भिंत हाताला नीट जाणवतच नाही. त्यातच म्हाताऱ्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या ताठ झालेल्या असतात. तरुण माणसाची धमनी लवचीक, टोक लागलं तर बाजूला सरकते. ताठ धमनी जागची हलत नाही. आधी शस्त्रक्रिया होऊन आत व्रण धरला असेल तरी असंच होतं, धमनी हाडाला चिकटून बसलेली असते.

काही जागा विशेष जपायच्या. गुडघ्याच्या मागं, जिथं नडगीच्या हाडात पुढून मागं स्क्रू जातात. मांडीच्या वरच्या भागात, जिथं खोलवरची एक धमनी हाडाच्या आतल्या बाजूनं उतरते आणि तिच्या फांद्या हाडाला चिकटून मागं वळतात. खुब्याच्या मोडीत प्लेट-स्क्रू बसवताना ड्रिल जरा पुढं गेलं किंवा हाडाचा धारदार तुकडा सरकला तर यांना लागू शकतं. नडगीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात पुढची धमनी हाडाच्या बाहेरच्या अंगाला टेकते. उलट नडगीची पुढची-आतली बाजू, जिथं आपल्याला ठेच लागली की जीव जातो, तिथं कातडीखाली थेट हाडच आहे, मध्ये मोठं काहीच नाही. बाहेरची सळई, म्हणजे हाडात पिना आणि त्यांना जोडणारी सळई कातडीबाहेर, लावताना सर्जन ती बाजू पसंत करतात ती यासाठीच.

लहान मुलांचं कोपर हा वेगळाच जीवघेणा प्रकार. पोरगं पतंगाच्या नादात गच्चीवरून पडतं, हात टेकतो, कोपराच्या वर हाड मोडतं, आणि त्या मोडलेल्या टोकावर हाताची मुख्य धमनी ताणून बसते. इथं बहुतेक वेळा धमनी दुखावते ती मोडीमुळेच, तारेमुळे नाही. तार घालून हाड जागेवर आणलं की ताण सुटतो आणि थंड पडलेला पंजा पुन्हा गुलाबी होतो. हे मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी थिएटरमधल्या सगळ्यांनी श्वास सोडलेला ऐकला आहे.

"पण एक्स-रेवर बघत बघतच करतात ना?"

हो. सी-आर्म नावाचं यंत्र शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवतं. पण एक्स-रे म्हणजे सावली, आणि सावली फक्त घट्ट गोष्टींची पडते. हाड दिसतं, पिन दिसते. धमनी, शीर, मज्जातंतू दिसत नाहीत. शिवाय सावली सपाट असते. पिन हाडाच्या किती पुढं गेली ते एकाच कोनातून कळत नाही, यंत्र फिरवून दुसऱ्या कोनातून बघावं लागतं.

मग धमनी कुठं आहे ते सर्जनला कळतं कसं? शरीररचनेच्या पाठांतरावरून. कुठल्या पातळीवर कुठल्या कोनातून पिन घातली तर वाट मोकळी असते, याचे नकाशे बनलेले आहेत. अडचण अशी की नकाशा धडधाकट पायाचा असतो, आणि समोरचा पाय मोडलेला, सुजलेला, कधी पिळवटलेला असतो. पालिकेच्या नकाशात पाइप रस्त्याच्या डाव्या कडेला दाखवलेला असतो आणि खोदल्यावर मधोमध सापडतो, त्यातलाच प्रकार.

मग प्रत्येकाची आधी अँजिओग्राफी, म्हणजे औषध सोडून धमन्या दाखवणारी तपासणी, का करत नाहीत, असं शेजाऱ्यानंही विचारलं. त्यासाठी आयोडीनचं औषध शिरेतून सोडावं लागतं, ते मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं, वेळ जातो, किरणोत्सर्ग होतो. जिथं आधीच शंका आहे तिथं ती करायलाच हवी. पण सगळ्यांना सरसकट करून फायद्यापेक्षा तोटा जास्त.

"धमनी फुटली असती तर तेव्हाच कारंजं उडालं असतं की!"

हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. घरचे लोक तर यावर विसंबतातच, पण नवखे कर्मचारीही विसंबलेले मी पाहिलेत. कधी कधी खरंच तसं उडतं, आणि ते एका अर्थानं बरं, कारण तिथल्या तिथं कळतं. अनेकदा मात्र उडत नाही.

स्कूटरच्या टायरमध्ये खिळा घुसला तर हवा लगेच जात नाही. खिळ्यानंच भोक बुजवलेलं असतं. घरी जाऊन खिळा उपसला की टायर बसतो. पिनही असाच बूच होऊन बसू शकते, आणि रक्तस्राव होतो तो काही आठवड्यांनी पिन काढताना. म्हणून जाड पिना काढणं हे 'फक्त ओढायचं तर आहे' असं काम नव्हे. घरी पक्कडीनं वायर ओढणाऱ्यांना हे कळकळीनं सांगते.

दुसरा प्रकार, धमनीला लहानसं भोक पडतं, रक्त बाहेर येतं, पण आजूबाजूच्या स्नायूंत कोंडतं आणि त्याची एक पिशवी तयार होते. तिला धमनीची खरी भिंत नसते, नुसतं गोठलेलं रक्त आणि भोवतालचं मांस. डॉक्टर तिला खोटा फुगा अशा अर्थाचं नाव देतात. तो दिवसांनी, कधी आठवड्यांनी वाढतो. रुग्ण सांगतो, 'मांडीत गोळा आलाय, ठणकतोय.' हात ठेवला तर नाडीबरोबर उडताना जाणवतो. असा गोळा पू समजून कुणी चिरला तर काय होईल याची कल्पना करा. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन कारण नसताना उतरत राहिलं, मांडी फुगत चालली, तर याचा विचार व्हायला हवा.

तिसरा प्रकार, भोक पडतच नाही, पण दाबल्यानं किंवा ताणल्यानं धमनीचं आतलं अस्तर फाटतं. त्या फाटलेल्या पदराशी रक्त गोठतं आणि वाट बंद होते. बाहेर रक्ताचा थेंब नाही आणि खाली पाय गार पडत चाललेला.

आणि सर्वांत संथ प्रकार म्हणजे घासणं. पिन धमनीला नुसती टेकून बसलेली असते. प्रत्येक ठोक्याला धमनी तिच्यावर घासते, विहिरीच्या काठावर दोर घासावा तशी, आणि कधीतरी झिजून फुटते. बाहेरच्या सळईच्या पिनेच्या तोंडाशी आठवड्यांनंतर अचानक ताजं लाल रक्त आलं, तर ते ड्रेसिंग बदलून सोडून देण्यासारखं नसतं.

खांद्याच्या आणि गळपट्टीच्या हाडातल्या तारांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. त्या सरकतात. श्वास, हाताची हालचाल यांनी हळूहळू पुढं जात फुप्फुसात, मोठ्या धमनीत, हृदयापर्यंत पोचल्याच्या आणि त्यात रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणूनच तारेचं बाहेरचं टोक वाकवतात आणि ठराविक मुदतीत ती काढतात. 'दुखत नाही, कशाला जायचं' म्हणून तारीख चुकवणारे खूप. तारेची तारीख चुकवू नका.

बोटं काय सांगतात

वॉर्डात रात्रपाळीला आम्ही रुग्णाच्या तोंडाआधी त्याची बोटं बघायचो. दुसऱ्या पायाच्या मानानं गार आहेत का, फिकट किंवा निळसर झालीत का, नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांत लाली परत येते का, मुंग्या येताहेत का, बोटं हलवता येतात का. आणि वेदना. मोडलेलं हाड दुखतंच, पण इंजेक्शन देऊनही न आवरणारी, वाढतच जाणारी, आणि कुणी बोट हलकेच ताणलं की किंकाळी फुटावी अशी वेदना वेगळी. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्त कोंडल्याची ती खूण असू शकते. प्लास्टरमध्ये किंवा पट्टीत बोटांची टोकं उघडी ठेवतात ती बघण्यासाठी. त्यावर मोजा चढवू नका. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर नखाचा रंग कळत नाही, तेवढं आधी सांगा.

'नाडी लागते आहे, म्हणजे ठीक' हेही अर्धंच खरं. मोठी वाट बंद झाली तरी आडवाटांनी थोडं रक्त खाली येतं आणि मंद नाडी लागू शकते. उलट काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी बोटाला लागत नाही. म्हणून दोन्ही पायांची तुलना करायची, आणि शंका आली तर डॉप्लर यंत्रानं रक्ताचा आवाज ऐकायचा, घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघायचा. घोट्याचा आकडा दंडाच्या नऊ दशांशाहून कमी आला की पुढची तपासणी. मधुमेहानं ज्यांचे पाय आधीच बधिर आहेत, किंवा ज्यांना सुन्न करणारं इंजेक्शन दिलं आहे, त्यांना वेदना कळणारच नाही. तिथं बघणाऱ्याची जबाबदारी दुप्पट.

घाई कशाची, तर रक्त पूर्ण तुटलं की साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, गाडीनं चार-साडेचार तास. करमाळ्याहून किंवा अक्कलकोटहून आधी सोलापूर गाठायचं असेल तर तेही त्यात धरा. 'सकाळी मोठे डॉक्टर येतील तेव्हा दाखवू' या वाक्यात ते सहा तास संपतात.

दुरुस्ती होते का?

होते, आणि वेळेत झाली तर चांगली होते. लहान फुगा असेल तर सोनोग्राफीवर बघत त्यात रक्त गोठवणारं औषध सोडतात, किंवा जांघेतून नळी नेऊन आतून जाळीदार अस्तर बसवतात. मोठी इजा असेल तर उघडून शिवतात. मधला तुकडाच गेला असेल तर बहुधा दुसऱ्या पायाची शीर काढून जोडतात, तीही उलटी करून; शिरेत रक्त मागं जाऊ नये म्हणून झडपा असतात, सरळ जोडली तर त्याच वाट अडवतील.

धमनी शिवण्याची ही विद्या फ्रेंच सर्जन अलेक्सी कारेल यांनी घडवली. १९१२ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ते ल्यों या रेशमी कापडाच्या शहरातले, आणि बारीक टाके घालायला तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिकले, असं सांगतात. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या आपल्या गावाला ही गोष्ट माहीत असावी असं मला फार वाटतं.

"मग पिनच नको. पट्टी बांधून घेऊ."

हे ऐकलं की मला वॉर्डातले दोन-तीन चेहरे आठवतात आणि वाईट वाटतं. मोडलेलं हाड मोकळं सोडलं तर त्याची टोकंच आत धमनीला टोचत राहतात. आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेली पट्टी पिनेशिवायही रक्त तोडते. काळी पडलेली बोटं घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. पिनेनं धमनीला इजा होणं हा क्वचितचा प्रकार आहे. तिच्या भीतीनं उपचार टाळणं हा त्याहून मोठा धोका.

मग इजा झाली तर डॉक्टरांची चूक का? दर वेळी नाही. नियम पाळून, काळजी घेऊनही ती होऊ शकते, आणि संमतीपत्रातली ती ओळ हेच सांगते. पण त्या सहीनं पुढचं लक्ष ठेवण्याची जबाबदारी संपत नाही. नातेवाईक तीनदा सांगतोय की पाय गार आहे, आणि कुणी पांघरूण उचलून बघत नाही, ती मात्र चूक आहे. इजा होणं आणि ती न शोधणं यांत मी स्पष्ट फरक करते.

शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात भेटले. पिन घालून झाली होती, पायाला वजन लटकत होतं. त्याच्या दोन बोटांनी आईच्या पावलावरची नाडी शोधून दिली. पहिल्यांदा त्याला सापडेना, मग सापडली तेव्हा म्हणाला, "बारीक हाय, पण हाय." आम्ही वॉर्डात करायचो तशी त्या जागी पेनानं फुली मारली, म्हणजे रात्री शोधत बसायला नको. दर दोन तासांनी तो बघायचा आणि बिडीच्या रिकाम्या पुड्याच्या कागदावर वेळ लिहायचा. चौथ्या दिवशी रॉड टाकला. सिस्टरनी ड्रेसिंगच्या वेळी फुली पुसली, तर म्हातारीनं मुलाला पुन्हा काढायला लावली.